विद्येच्या वाटेवरील भगिनीभाव

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे आदराने घेतो, देणगीदारांची यादी देतो, कोनशिलेवरील तारीख नमूद करतो. ते योग्यच आहे. परंतु त्या इमारतीत ज्या मुली प्रथम शिरल्या, त्या तेथे टिकल्या कशा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. दार उघडणे ही एक गोष्ट आणि त्या दारातून रोज आत जाऊन पदवी घेऊन बाहेर पडणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीसाठी फी आणि पुस्तके लागतात, तशीच सोबत लागते. ज्या ज्या देशात मुली कॉलेजात गेल्या, त्या त्या देशात त्यांना ही सोबत स्वतः उभी करावी लागली. कोठे तिला ग्रीक अक्षरांचे नाव मिळाले, कोठे वसतिगृहाचे रूप आले, तर कोठे मासिकाचे. या भगिनीभावाचा इतिहास पालकांनी आणि विद्यार्थिनींनी समजून घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या इतिहासाचा एक धागा आपल्या कल्याण शहरातून निघतो, म्हणून तेथूनच प्रारंभ करू.

कल्याणची यमुना आणि रोझेलची मावशी

१६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. तिचे माहेरचे नाव यमुना. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पोस्ट खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळत नाही म्हणून किती जीव जातात, हे तिला तेव्हा कळले आणि डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय झाला.

१८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना उतरवून घेण्यास आल्या होत्या थिओडोशिया कार्पेंटर. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या या बाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले होते आणि तेवढ्यावरून त्यांनी या अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणत. मावशी म्हणजे आईची बहीण. सात समुद्रांपलीकडे ज्या बाईच्या घरी राहायचे, तिच्याशी नाते जोडण्यासाठी कल्याणच्या मुलीला हाच शब्द सुचला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी शिक्षण घेतले. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज स्त्रियांनाच वैद्यकीय शिक्षण देणारे होते. डीन रेचेल बॉडली यांची विद्यार्थिनींवर माया होती. तरीही थंडी, शाकाहारी जेवणाची आबाळ आणि एकटेपणा यांनी आनंदीबाईंची प्रकृती खचू लागली. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या आहेत: हिंदुस्थानच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली. एक हिंदू, एक जपानी, तर तिसरी सीरियातील यहुदी कुटुंबातील. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या या तिघी एकाच वर्गखोल्यांतून वावरत होत्या आणि पुढे तिघीही डॉक्टर झाल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. मायदेशी परतल्यावर कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेत मावशींकडे पाठवली. न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवण्यात आली आणि आजही तेथे आनंदीबाईंच्या नावाची शिळा आहे. मानलेले नाते रक्ताच्या नात्याइतके खरे असू शकते, याला याहून मोठा दाखला कोणता?

'सोरोर' म्हणजे बहीण

आनंदीबाई अमेरिकेत शिकत होत्या त्या काळात तेथील कॉलेजांत मुलींच्या एका नव्या प्रकारच्या मंडळांनी चांगलेच मूळ धरले होते. या मंडळांना 'सोरोरिटी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'सोरोर' म्हणजे बहीण; त्यावरून हा शब्द बनला. आपण त्याला भगिनीमंडळ म्हणू.

अमेरिकेतील कॉलेजांत मुलांची बंधुमंडळे पूर्वीपासून होती. १७७६ साली विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' हे पहिले मंडळ निघाले. ग्रीक भाषेतील बोधवाक्याची आद्याक्षरे हेच मंडळाचे नाव, ही प्रथा तेथून सुरू झाली. मुलींना कॉलेजेच बंद होती, मग मंडळ कोठले? जॉर्जिया प्रांतातील मेकन गावी १८३६ मध्ये मुलींसाठी कॉलेज निघाले आणि त्याच कॉलेजात १५ मे १८५१ रोजी युजिनिया टकर या विद्यार्थिनीने काही मैत्रिणींसह 'ॲडेल्फियन सोसायटी' स्थापन केली. ग्रीक भाषेत 'ॲडेल्फी' म्हणजेही बहीणच. पुढे हेच मंडळ 'आल्फा डेल्टा पाय' या नावाने ओळखले जाऊ लागले. दुसऱ्याच वर्षी त्याच कॉलेजात 'फिलोमॅथियन' हे दुसरे मंडळ निघाले.

मुलामुलींच्या एकत्र कॉलेजांत तर सोबतीची गरज अधिक होती. इलिनॉय प्रांतातील मॉनमथ कॉलेजात २८ एप्रिल १८६७ रोजी बारा मुलींनी एकत्र येऊन जे मंडळ काढले, ते आज 'पाय बीटा फाय' म्हणून प्रसिद्ध आहे. सोन्याचा बाण हे त्यांचे चिन्ह. इंडियाना प्रांतातील ॲस्बरी कॉलेजाने १८६७ साली मुलींना प्रवेश दिला. पहिल्या मुलींपैकी बेटी लॉक ही एक. तेथील मुलांना मुलींचे येणे रुचले नव्हते. एका बंधुमंडळाने बेटीला आपले पदक शोभेसाठी लावण्यास देऊ केले, पण सभासद करून घेण्यास नकार दिला. बेटीने पदक नाकारले आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींसह 'कॅपा आल्फा थीटा' हे मंडळ स्थापन केले. शोभेचे पदक नको, सभासदत्व हवे, ही मागणी त्या काळच्या मुलीने करावी ही साधी गोष्ट नव्हती.

गंमत अशी की त्या वेळी या मंडळांना स्वतंत्र नाव नव्हते. मुलींच्या मंडळालाही 'फ्रॅटर्निटी', म्हणजे बंधुमंडळच, म्हणत. १८७४ मध्ये सिराक्यूज येथे 'गॅमा फाय बीटा' हे मंडळ निघाले, तेव्हा तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी सुचवले की मुलींच्या मंडळाला 'सोरोरिटी' म्हणावे. शब्द रूढ झाला. १९०२ मध्ये अशा मंडळांनी आपली एक मध्यवर्ती परिषदही उभी केली.

मंडळांच्या चालीरीती

या मंडळांच्या चालीरीती पाहिल्या तर त्या आपल्यालाही फार परक्या वाटणार नाहीत. वर्षारंभी नव्या विद्यार्थिनींची ओळख करून घेतात, काहींना आमंत्रण देतात, ठरावीक काळ उमेदवारीचा असतो आणि मग शपथ घेऊन सभासदत्व मिळते. प्रत्येक मंडळाचे स्वतःचे रंग, फूल, पदक, गीत आणि बोधवाक्य असते. बोधवाक्याचा अर्थ काही मंडळांत सभासदांनाच सांगतात. नव्या मुलीला वरच्या वर्गातील एक 'मोठी बहीण' नेमून देतात. अभ्यासातील अडचण, घराची आठवण, आजारपण, सर्व तिने पाहायचे असते. पुष्कळ ठिकाणी मंडळाचे स्वतःचे घर असते आणि तेथे मुलींवर देखरेख करणारी एक वडीलधारी बाई असते. स्थापनेचा दिवस दरवर्षी साजरा होतो आणि शिक्षण संपल्यावरही सभासदत्व संपत नाही. गावोगावच्या माजी सभासदांच्या शाखा असतात.

आपल्याकडे मानलेली बहीण ही प्रथा जुनी आहे. उर्दूभाषक घराण्यांत दोन मैत्रिणी ओढण्यांची अदलाबदल करून जन्माच्या बहिणी होत. अमेरिकेतील मुलींनी हाच भाव संस्थेच्या चौकटीत बसवला. त्याला नियम, हिशेब आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे सातत्य दिले. 'पाय बीटा फाय'ने १९१२ मध्ये टेनेसी प्रांतातील गॅटलिनबर्ग या डोंगरी गावात शाळा काढली आणि अनेक वर्षे चालविली. म्हणजे मुलींची सोबत म्हणून निघालेले मंडळ समाजाच्या उपयोगी पडू लागले.

बंद दार आणि नवे दार

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांना मुलांच्या मंडळांनी दार बंद केले, त्याच गोऱ्या मुलींच्या मंडळांनी कृष्णवर्णीय मुलींना दार बंद ठेवले. यहुदी व कॅथलिक मुलींनाही अनेक ठिकाणी असाच अनुभव आला. अन्याय सोसलेला माणूस आपोआप न्यायी होतो असे नाही, हे येथे दिसते.

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात, जेथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत, १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन व तिच्या मैत्रिणींनी 'आल्फा कॅपा आल्फा' हे मंडळ स्थापन केले. त्यानंतर जानेवारी १९१३ मध्ये बावीस विद्यार्थिनींनी 'डेल्टा सिग्मा थीटा' स्थापन केले आणि दोनच महिन्यांत, ३ मार्च १९१३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात त्या सामील झाल्या. 'आल्फा कॅपा आल्फा'ने १९३५ ते १९४२ या काळात मिसिसिपी प्रांतातील गरीब खेड्यांत फिरते दवाखाने चालविले. कमला हॅरिस, ज्या २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या उपाध्यक्ष होत्या, त्या विद्यार्थिदशेत याच मंडळाच्या सभासद झाल्या.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जाणून बरे वाटेल. २००५ साली अमेरिकेतच अल्थिया कॉलिन्स आणि त्यांची कन्या इमानी अब्दुल-हक या मायलेकींनी 'गॅमा गॅमा काय' हे इस्लामी तत्त्वांवर आधारलेले भगिनीमंडळ स्थापन केले. मंडळात यावयाचे तर आपला पोशाख, आपली नमाज, आपले खाणेपिणे सोडावे लागेल, ही भीती त्यांनी दूर केली.

शारदा सदन ते हिंगणे

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास इंग्लंडहून खास आलेल्या एक मराठी विदुषी उपस्थित होत्या: पंडिता रमाबाई. पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या रमाबाई या समारंभानंतर अमेरिकेतच राहिल्या, गावोगाव हिंडल्या आणि हिंदुस्थानातील विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी मदत मागितली. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला डीन बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' या नावाची मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासद दरवर्षी वर्गणी पाठवू लागल्या. अमेरिकेतील भगिनीभावाचा ओघ असा महाराष्ट्राकडे वळला.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. अगदी प्रारंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही तरुण विधवा होती. केशवपन झालेल्या, घरात कोपऱ्यात बसविलेल्या मुली येथे एकत्र राहू, शिकू, हसू लागल्या. परंतु १८९३ मध्ये सदनातील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्यावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील पुढाऱ्यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वादातील कोणाची बाजू किती खरी, हा आपला विषय नाही. पण पालकांचा विश्वास गेला की चांगले वसतिगृहही ओस पडते, हा धडा त्यानंतरच्या प्रत्येक संस्थेने लक्षात ठेवला.

त्याच गोदूबाईंशी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि १९०० साली तो पुण्याजवळ हिंगणे येथे एका झोपडीत नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या.

हिंगण्याच्या परंपरा सांगण्यासारख्या आहेत. पार्वतीबाई आठवले या कर्व्यांच्या मेहुणी, स्वतः विधवा. वयाने मोठेपणी शिकून त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि पुढे अमेरिकेत जाऊन, घरकाम करून इंग्रजी शिकत, त्यांनी संस्थेसाठी पैसा जमविला. संस्थेच्या भाऊबीज निधीची कल्पना तर अस्सल मराठी आहे. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो. मग शिकणाऱ्या सर्व बहिणींना समाजातील भावांनी ओवाळणी का घालू नये? स्वयंसेवक घरोघर जात आणि चार आण्यांची भाऊबीजही आनंदाने स्वीकारीत. ग्रीक अक्षरांची गरज पडली नाही. सणानेच वर्गणीचे काम केले.

तहजीबी बहिणी

मुस्लिम समाजातील मुलींच्या शिक्षणाचा विचार करताना पुणेकर फातिमांचे स्मरण प्रथम होते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या गैरहजेरीत शाळेचा भार सांभाळणाऱ्या फातिमेचा उल्लेख आहे. उल्लेख लहान आहे, पण दोन शिक्षिकांतील विश्वास त्यातून कळतो.

पडद्याच्या चालीमुळे आपल्याकडे कॉलेजातील मंडळापेक्षा मासिक आधी निघाले. १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे उर्दू साप्ताहिक सुरू झाले. संपादिका होत्या मुहम्मदी बेगम. घराबाहेर न पडणाऱ्या वाचक स्त्रिया त्यात पत्रे लिहीत, एकमेकींना सल्ला देत आणि स्वतःला 'तहजीबी बहिणी' म्हणवून घेत. कधीही न भेटलेल्या स्त्रियांचे हे भगिनीमंडळच होते. १९०६ साली मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातील अतिया फैजी शिक्षकी शिक्षणासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. त्यांची बहीण नाझली बेगम ही आपल्या कोकणातील जंजिऱ्याची राणी. अतियांनी बहिणींना पाठविलेली रोजनिशी दुसरी बहीण जोहरा हिने 'तहजीब'मध्ये छापविली आणि पुढे ती पुस्तकरूपाने आली. प्रकृतीमुळे अतियांना वर्षभरातच परतावे लागले. परंतु बुरखा न घेता विलायतेत शिकणाऱ्या मुस्लिम मुलीचे अनुभव त्या काळच्या हजारो मैलांवरील जनानखान्यांत वाचले गेले.

त्याच १९०६ साली अलीगढ येथे शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. मुली पडदा लावलेल्या डोल्यांतून येत. १९१४ मध्ये वसतिगृह सुरू झाले, भोपाळच्या बेगमसाहेबांच्या हस्ते. वसतिगृहात मुलगी ठेवणे ही त्या वेळी मोठी धाडसाची गोष्ट होती. वहीद जहाँ बेगम यांनी आपल्या स्वतःच्या मुली तेथे ठेवल्या आणि परक्या मुलींना पोटच्या मुलींप्रमाणे वागविले. मुली त्यांना 'आला बी' आणि शेखसाहेबांना 'पापा मियाँ' म्हणत. कोणी प्राचार्य नव्हते, कोणी अधीक्षक नव्हते, नाती होती. पालकांचा विश्वास बसला तो या नात्यांमुळे. त्या शाळेचे पुढे महिला कॉलेज झाले.

आपल्या मुंबई इलाख्यात अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्ये झाली, आणि तिची मुलींची शाळा निघाली ती १९३६ साली. मधल्या ६२ वर्षांचा अर्थ प्रत्येकाने आपल्या मनाशी लावावा. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष होत्या आणि विषय होता स्त्रीशिक्षण. सर्व धर्मांच्या स्त्रियांनी उभारलेल्या या परिषदेच्या कार्यात तय्यबजी घराण्यातील शरीफा हमीद अली यांचा मोठा वाटा होता. त्या पुढे तिच्या अध्यक्षाही झाल्या आणि १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगावर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

आपल्या गावात

आता आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याकडे पाहू. ठाण्यात १९६९ साली विद्या प्रसारक मंडळाचे ठाणे कॉलेज निघाले, कल्याणात १९७२ साली बिर्ला कॉलेज, आणि भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय १९८९ साली. त्यापूर्वीच्या पिढीतील मुलींना पदवीसाठी बहुधा मुंबईची गाडी धरावी लागे.

आणि गाडीवरून आठवते की आपल्या भागातील सर्वांत मोठे भगिनीमंडळ कोणत्याही कॉलेजात नाही. ते लोकलच्या लेडीज डब्यात आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली, पण डब्यातील बहीणपण त्याआधीपासूनचे. कल्याण-डोंबिवलीच्या या डब्यांत नोकरदार बाया भाजी निवडतात, दसऱ्याला डबा सजवितात, हळदीकुंकू करतात, रमजानमध्ये गाडीतच रोजा सोडणाऱ्या मुलीच्या हातावर खजूर ठेवतात. परीक्षेच्या दिवसांत वही उघडून उभ्या असलेल्या मुलीला कोणी तरी सरकून चौथी सीट देते. मुंब्र्याची मुलगी आणि डोंबिवलीची बाई यांची ओळख होण्याची दुसरी जागा आपल्या शहरांत सहसा नाही. या मंडळाला नियम नाहीत, पदक नाही. पण नवख्या मुलीला कोणत्या बाजूचा फलाट, कोणता डबा, कोठे उतरायचे हे येथेच कळते.

तरीही डब्यातील सोबत स्टेशनाबरोबर संपते. कॉलेजच्या फाटकापासून वर्गापर्यंत आणि संध्याकाळी स्टेशनापासून घरापर्यंतची वाट उरतेच. आपल्या समाजात बारावीनंतर ज्या मुली थांबतात, त्या सर्वच काही गुण कमी म्हणून थांबत नाहीत. वाट लांब आहे, घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच, वर्गात ओळखीचे कोणी नाही, फॉर्म कसा भरावा हे सांगणारे कोणी नाही. मग एक दिवस वालिद म्हणतात, पुरे झाले. त्यांची काळजी खोटी नसते. पण त्या काळजीवर शिक्षण बंद करणे हा उपाय नव्हे. सोबत उभी करणे हा उपाय आहे, हे वर सांगितलेला सारा इतिहास सांगतो.

काय घ्यावे, काय टाळावे

अमेरिकेच्या मंडळांतील काही गोष्टी आपण टाळल्याच पाहिजेत. भारी वर्गणी, निवडक मुलींनाच प्रवेश, आणि नव्या सभासदांचा छळ हे तेथील दोष जगजाहीर आहेत. आपल्याकडे छळाच्या या प्रकाराला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने त्यास बंदी आहे. मोठ्या बहिणीने धाकटीची परीक्षा पाहायची नसते, तिचा हात धरायचा असतो.

घेण्यासारखे मात्र पुष्कळ आहे आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. प्रत्येक कॉलेजात आपल्या शाळेतून गेलेल्या वरच्या वर्गातील एका मुलीने पहिल्या वर्षाच्या दोघी-तिघींची आपा व्हावे. प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीची मुदत, बसचा पास, ग्रंथालयाचे कार्ड, ही माहिती तिने द्यावी. एकाच गाडीने जाणाऱ्या मुलींनी गट करून जावे, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यात पडेल. वापरलेली पुस्तके पुढच्या वर्गाकडे जावीत. ज्या मुलींचे लग्न झाले, नोकरी लागली, त्यांचे नाव वहीतून खोडले जाऊ नये. वर्षातून एकदा त्यांनी शाळेत येऊन मुलींशी बोलावे. आणि आपल्या मंडळात शेजारच्या आळीतील हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती मैत्रिणीलाही तेवढीच जागा असावी, कारण दार बंद करणाऱ्यांच्या रांगेत आपल्याला बसायचे नाही. पालकांनी आपाला घरी बोलावून तिची ओळख करून घ्यावी. आला बींनी जो विश्वास मिळविला, तो घराच्या ओळखीतूनच मिळविला.

प्रत्येक भगिनीमंडळाचा एक स्थापनादिन असतो. आपल्या मुलींना तो हवा असेल तर तारीख शोधण्यास दूर जावे लागणार नाही. ११ मार्च १८८६ रोजी कल्याणच्या आनंदीबाई डॉक्टर झाल्या. ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले. ११ मार्च १८९३ रोजी त्या सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई आपल्या नव्या संसारात गेली, ज्या संसारातून पुढे हिंगणे उभे राहिले. तीन वर्षांतील हा एकच दिवस योगायोगाने जुळला आहे. दरवर्षी त्या दिवशी शाळेतील दहावी-बारावीच्या मुलींना कॉलेजात शिकणाऱ्या आपांनी बोलवावे आणि पुढच्या वाटेची माहिती द्यावी. त्या बैठकीत हारतुरे नसले तरी चालतील. एका मुलीचे थांबलेले शिक्षण पुन्हा सुरू झाले, तर तेवढ्याने तो दिवस साजरा झाला असे समजावे.